यामाशिताची गाणी नेमकी कोणी जिवंत ठेवली?

उंबरठा

तात्सुरो यामाशिता हा जपानी गायक-संगीतकार. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी शहरी पॉपला, म्हणजे ‘सिटी पॉप’ला, त्याचं नाव जोडलेलं. परवा ‘कोरडेठाक’ यांनी त्याच्याबद्दल एका प्रतिसादात लिहिलं होतं: "सिटी पॉप हे अल्गोरिदमने उकरून काढलेलं प्रकरण आहे. २०१७ साली यूट्यूबने ‘प्लास्टिक लव्ह’ लोकांच्या माथी मारलं नसतं, तर तात्सुरो यामाशिताला जपानबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. जाहिरातींना गाणी पुरवणारा माणूस, चाली अमेरिकेच्या, आणि बबलच्या काळातली श्रीमंती ऐकू येते म्हणून आपल्याला गोड लागतं." वाचून राग आला. दोन ओळी लिहून सोडून द्यावं म्हटलं, ते जमेना. म्हणून हा धागा.

बबलपासून, म्हणजे जपानमधल्या जमिनी-शेअरच्या त्या फुगवट्यापासून, सुरू करतो. डॉलर उतरवण्यासाठी झालेला प्लाझा करार सप्टेंबर १९८५ चा. येन वधारला, व्याजदर उतरले, जमिनी आणि शेअर पेटले, ते सगळं त्यानंतर. यामाशिताचा ‘फॉर यू’ हा अल्बम जानेवारी १९८२ चा. ‘राइड ऑन टाइम’ १९८० चं. शुगर बेब या त्याच्या पहिल्या बँडचा ‘साँग्ज’ तर १९७५ चा, आणि आदल्याच वर्षी तेलसंकटाने जपानची अर्थव्यवस्था आक्रसली होती. संगीतकार एइची ओताकीच्या नायगारा लेबलवर तो निघाला, फारसा खपला नाही, वितरण करणारी कंपनी बुडाली, पुढच्या वर्षी बँडही मोडला. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलेला बावीस वर्षांचा मुलगा, सोबत ताएको ओनुकीसारखी तेव्हा कोणालाच माहीत नसलेली गायिका. यात श्रीमंती कुठे शोधायची?

आता ‘चाली अमेरिकेच्या’. बीच बॉइज, डू-वॉप, फिली सोल हे सगळं त्याने लहानपणापासून ऐकलं आणि कधी लपवलं नाही. १९७२ मध्ये पदरचे पैसे घालून त्याने पहिली तबकडी काढली, १०० प्रती, त्यातही बीच बॉइजची गाणी होती. १९७६ चा ‘सर्कस टाउन’ करायला तो न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला गेला, चार्ल्स कालेलोला संयोजक म्हणून घेतलं. ज्याच्याकडून शिकायचं त्याच्या दारात जाऊन शिकला. गायकीत आपण याला तालीम म्हणतो, मग इथेच नक्कल का म्हणायचं?

‘फॉर यू’मधल्या ‘स्पार्कल’ची सुरुवात घ्या. एकटी टेलिकास्टर गिटार वाजते. मी ती सुरुवात चार महिने घासली आहे, म्हणून सांगतो. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची आणि लगेच सैल सोडायची. उजवं मनगट मात्र थांबवायचं नाही, वरखाली चालूच. बोटं सैल असताना सूर निघत नाही, नुसता ‘चक’ असा कोरडा आवाज येतो. तो ‘चक’ केसाएवढा पुढेमागे झाला की गाणं जागेवर बसतं, उठतच नाही. मला स्वर पहिल्या आठवड्यात सापडले. ते ‘चक’ सापडायला उरलेले साडेतीन महिने गेले. मग बेस आणि ड्रम येतात, मागून ब्रास येतं आणि खोलीची खिडकी उघडल्यासारखं होतं. ४० वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण आहे, आज सकाळी केल्यासारखं वाजतं.

शेवटी अल्गोरिदम. डिसेंबर २००६. पुण्यात जपानी शिकून तोक्योला गेलो होतो. निशी-कासाईत खोली, ओळखीचं कोणी नाही. रात्री साडेदहाला कोन्बिनीत, म्हणजे रात्रभर उघड्या छोट्या दुकानात, ओनिगिरी (भाताचा गोळा) घ्यायला शिरलो तर वरच्या स्पीकरवर यामाशिताचं ‘ख्रिसमस इव्ह’ लागलेलं. काउंटरवरचा मुलगा माल लावता लावता ओठ हलवत होता. मध्येच शब्द थांबतात आणि पाखेलबेलचा कॅनन, ती जुनी युरोपीय शास्त्रीय रचना, सुरू होतो, वाद्यांऐवजी माणसांच्या आवाजात. मला वाटलं, मोठा गायकवृंद असेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. शेजारच्या टेबलावरचे साठीला टेकलेले गृहस्थ म्हणाले, सगळे आवाज त्या एकट्याचेच आहेत, एकावर एक चढवलेले. आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे न येणाऱ्या माणसाचं गाणं आहे." मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ होईल आणि तू काही येणार नाहीस, एवढाच त्याचा आशय. सण साजरा करायला सगळा देश एका न आलेल्या माणसाचं गाणं लावतो.

ते गाणं १९८३ चं. पहिल्या क्रमांकावर पोचलं डिसेंबर १९८९ मध्ये. पुढे दर हिवाळ्यात परत यादीत. सलग ३० वर्षं पहिल्या शंभरात आलं म्हणून २०१६ साली गिनेसने नोंद घेतली. ‘प्लास्टिक लव्ह’ यूट्यूबवर यायच्या आधी. कोणत्या अल्गोरिदमने ते जिवंत ठेवलं, ते मला सांगा.

कोरडेठाक

माझं नाव घेतलंय, म्हणून सविस्तर.

बबलचं साल माझं चुकलं. मान्य. पण साल बदललं म्हणून मुद्दा मरत नाही. ‘राइड ऑन टाइम’ मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीतलं. ‘लव्हलँड, आयलंड’ बिअरच्या जाहिरातीतलं. ‘कोकिआत्सु गर्ल’ विमान कंपनीच्या ओकिनावा मोहिमेचं. ‘ख्रिसमस इव्ह’ १९८३ साली आलं आणि गेलं. १९८८ ला रेल्वे कंपनीने जाहिरातीत घेतलं तेव्हा त्याला पाय फुटले. पहिल्या क्रमांकावर आलं तो डिसेंबर १९८९, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला निक्केई शेअर निर्देशांकाने उच्चांक गाठला. बबल नाही म्हणता? तुमच्याच उदाहरणात बबल शिगोशीग भरलेला आहे.

आणि मूळ प्रश्न जपानचा नव्हताच. जपान्यांना त्यांची गाणी आवडणारच. मी विचारत होतो की जपानी न कळणाऱ्या, तो काळ न पाहिलेल्या लोकांना हे का आवडतं. त्याला ‘चक’ हे उत्तर पुरत नाही. निळा समुद्र, पोहण्याचा तलाव, रिकामा हमरस्ता अशी चित्रं मुखपृष्ठावर असतात, लोक त्या चित्रांच्या प्रेमात पडतात.

बेसवाला

२४ वर्षं ठाणे-मुंबईच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. दोघांनाही एक विचारायचंय. इतकं लिहिलंत, वाजवणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव घेतलंत का?

ड्रमवर जुन आओयामा, बेसवर कोकी इतो. ही जोडी हाताशी आली आणि यामाशिताला डोक्यात ऐकू येणारी गाणी वाजवता येऊ लागली. ‘राइड ऑन टाइम’ यांच्याच हातचं. आओयामा २०१३ च्या डिसेंबरात गेला, त्याच महिन्याच्या शेवटी ओताकीही गेला. ‘स्पार्कल’चे शब्द मिनाको योशिदाचे. ‘बॉम्बर’चेही तिचेच. ती स्वतः मोठी गायिका आहे. तिच्याशिवाय यामाशिताच्या त्या काळाबद्दल बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं.

मला ही नावं कशी कळली? तबकडीच्या पाकिटावर छापलेली आहेत. प्रत्येक गाण्याखाली कोण काय वाजवतंय ते. आता माझं सांगतो. नव्वदच्या दशकात मी भक्तिगीतांच्या आणि भावगीतांच्या मिळून साठेक कॅसेटवर वाजवलंय. एका कंपनीच्या तर सलग अकरा. एकाही इनलेवर माझं नाव नाही. तबल्यावाल्याचं नाही, व्हायोलिनच्या सहा जणांचं नाही. गायक, संगीतकार, कवी, खाली प्रायोजक. पैशांचं पाकीट घ्यायचं आणि निघायचं. परवा लग्नात बँडवाल्याने त्यातलंच एक गाणं लावलं. मधला बेसचा तुकडा माझा आहे असं पुतण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, खरंच?" दाखवायला माझ्याकडे काय आहे?

गाणी कोणी जिवंत ठेवली विचारताय ना? ज्यांनी नावं लिहून ठेवली त्यांनी.

तबकडी

बेसवाला, हा धागा यामाशितावर आहे. तुमचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

बेसवाला

नाही काढणार. हे इथलंच आहे. तुम्ही लोक जपानी ड्रमरचं नाव पाठ करता आणि गल्लीतल्या ढोलकीवाल्याचं विचारत नाही.

नागोयाकर

सात वर्षं नागोयात राहिले, म्हणून लिहिते आहे.

आधी एक दुरुस्ती. ‘प्लास्टिक लव्ह’ मारिया ताकेउचीचं आहे. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. यामाशिताने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, संयोजन केलं आणि निर्मिती केली. लग्नानंतर थांबलेली बाई १९८४ साली ‘व्हरायटी’ घेऊन परत आली, सगळी गाणी स्वतः लिहून, आणि ३३ वर्षांनी ते गाणं जगभर गेलं तर इथे नवऱ्याच्या खात्यावर जमा. कोरडेठाक, तुमच्या पहिल्याच प्रतिसादात ही चूक आहे आणि कोणी बोललं नाही.

आता जाहिरात. १९८९ ची ती रेल्वेची जाहिरात नागोया स्टेशनवर चित्रित झालेली. एक मुलगी भेटवस्तू घेऊन गर्दीतून धावत येते, तो फलाटावरून येताना दिसतो, आणि ती खांबाआड लपते. एवढंच. मी २०११ ला गेले तेव्हा नवऱ्याची बदली सहाच महिन्यांत सेंदाईला झाली. भूकंपानंतरचं काम होतं, कुटुंब नेता येणार नव्हतं. मुलगी तीन वर्षांची. तो महिन्यातून एकदा शिनकानसेनने, बुलेट ट्रेनने, यायचा. डिसेंबरात स्टेशनात ते गाणं लागायचं, आणि लेकीला कडेवर घेऊन मी उभी राहायचे. एकदा ती खांबामागे लपली, बाबाला भोऽ करायला. तिला जाहिरात माहीत नव्हती. मी तिथेच रडले.

त्या जाहिरातीने रेल्वेची तिकिटं विकली, हे मला माहीत आहे. म्हणून माझं रडू खोटं ठरतं का? एकमेकांपासून लांब राहणाऱ्या माणसांना त्या देशात काय सोसावं लागत होतं, हे त्या गाण्यात आधीच होतं. जाहिरातवाल्यांना ते दिसलं. त्यांनी ते गाण्यात घातलं नाही.

कोरडेठाक

‘प्लास्टिक लव्ह’बद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. चुकलो. बाकीच्यावर मी काही बोलत नाही. तुमचा अनुभव आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

पहाटवारा

मी २२ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. जपानी येत नाही, गिटार येत नाही. तुम्ही ज्याला अल्गोरिदमने सापडलेला म्हणता ना, तो मी. मला विचारा की.

हंगामात रात्रपाळी असते. ठरावीक वेळाने रसाचे नमुने येतात, ब्रिक्स (रसात साखर किती ते) बघायचं, वहीत लिहायचं, पुढच्या नमुन्यापर्यंत वाट बघायची. तीन ते चार हा तास सगळ्यात वाईट. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा वास, मिलचा आवाज अंगात शिरलेला. डोळे मिटले की संपलं. अशाच वेळी एकदा ‘स्पार्कल’ आपोआप लागलं. मी काही शोधलं नव्हतं. पहिल्या पाच सेकंदांत पाठ ताठ झाली. समुद्राचं चित्र नव्हतं समोर, कोरडेठाक दादा. फोन खिशात होता आणि कानात एकच बोंड, दुसरा कान मिलकडे. त्या हंगामात रोज तीन वाजता तेच लावलं.

मग एके रात्री लावायला गेलो तर व्हिडिओ नाही. काढून टाकला होता. दुसरा शोधला, महिन्याभरात तोही गेला. स्पॉटिफायवर बघितलं तर यामाशिता तिथे नाहीच. ‘प्लास्टिक लव्ह’ तर म्हणे फोटोच्या हक्कावरून काढलं होतं मध्यंतरी, गाण्याचा संबंधच नाही. तर उंबरठा दादा, तुमच्या माणसाने आपली गाणी आपणच कपाटात बंद करून ठेवलीत. माझ्यासारख्यासाठी ती कोणी जिवंत ठेवली? जे परत परत अपलोड करतात त्यांनी.

तबकडी

जे अपलोड करतात ते चोर आहेत, आणि चोराकडून घेणाराही त्यात आला. कडू लागलं तरी लिहितो.

२०२२ ला ‘सॉफ्टली’ हा अल्बम आला तेव्हा यामाशिताला मुलाखतीत विचारलं होतं. बहुधा मरेपर्यंत स्ट्रीमिंगवर येणार नाही म्हणाला. कारणही सांगितलं: गाणं घडवण्यात ज्यांचा हात नाही ते गाणी वाटत सुटतात आणि नफा घेऊन जातात. ‘सॉफ्टली’ सीडीवर, तबकडीवर, कॅसेटवर आला. २०२३ ला जुने अल्बम तबकडीवर आणि कॅसेटवर पुन्हा काढले. कपाटात बंद कुठे आहेत? दुकानात आहेत. मी २०१४ ला तोक्योच्या शिमोकिताझावातल्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात तासभर उभा राहून ‘फॉर यू’ घेतली. एइझिन सुझुकीने काढलेलं मुखपृष्ठ, एका कोपऱ्यात मूळ मालकाने पेन्सिलीने लिहिलेली तारीख. गाणं असं मिळवायचं असतं. अंगठा सरकवून नव्हे.

पहाटवारा

तुम्ही शिमोकिताझावात उभे होता. मी कुंडलच्या पुढे उभा आहे. बाहेरून तबकडी मागवायची तर कस्टम धरून माझा अर्धा पगार, आणि वाजवायला यंत्र नाही. चोर म्हणालात ते लक्षात ठेवतो.

नागोयाकर

तबकडी, वयाने मोठे आहात, जरा शब्द सांभाळा. रात्रपाळी करणाऱ्या मुलाला चोर म्हणून तुमच्या तबकडीचं मोल वाढत नाही.

तबकडी

मोल कोणी काढलं? तत्त्वाचा प्रश्न आहे. इकडे बेसवाला २४ वर्षं नाव नाही म्हणून रडतायत आणि तिकडे फुकट ऐकणाऱ्याला तुम्ही पाठीशी घालताय. दोन्ही एकाच वेळी कसं चालेल?

बेसवाला

मी रडत नाही. हिशोब मांडतोय. पण यात तबकडीच्या बाजूने आहे, नाइलाजाने. माझी त्या साठ कॅसेटमधली बरीच गाणी आता सगळ्या ॲपवर आहेत. लाखो वेळा ऐकली गेली. मला एक रुपया नाही, नाव तर तेव्हाही नव्हतं. यामाशिताने ‘नाही’ म्हणून दाखवलं, कारण ‘नाही’ म्हणण्याइतके हक्क त्याने आपल्या हातात ठेवले होते. टीव्हीवर गात नाही, मोठ्या स्टेडियममध्ये गात नाही, बहुतेक सभागृहातच कार्यक्रम करतो. आवाज कसा पोचतो ते आपल्या ताब्यात ठेवतो. पोरा, तुझी अडचण समजते. पण कारागिराने आपल्या वस्तूवर कुलूप घातलं तर ते फोडणाऱ्याला राखणदार म्हणू नकोस.

कोरडेठाक

हा विषय निघालाच आहे तर यामाशिताच्या भक्तांनी एक गोष्ट ऐकून घ्यावी. त्याला देशभर तोंडओळख कशाने मिळाली? ‘राइड ऑन टाइम’ने. जाहिरातीत तो स्वतः समुद्रात उभा आहे. जाहिरात कशाची? कोऱ्या कॅसेटची. लोक त्या कॅसेटचं काय करणार होते? गाणी उतरवून घेणार होते. त्याच १९८० साली तोक्योच्या मिताकात तबकड्या भाड्याने देणारं पहिलं दुकान निघालं. विद्यार्थी एक दिवसासाठी तबकडी न्यायचे, घरी कॅसेटवर उतरवायचे, परत करायचे. रेडिओवर लागलेली गाणी उतरवायला तर मासिकं निघायची, कोणतं गाणं किती वाजता लागणार ते छापून. आपले ‘तबकडी’ ज्या सुझुकीच्या मुखपृष्ठावर भाळलेत, तोच सुझुकी ‘एफएम स्टेशन’ या अशाच मासिकाची मुखपृष्ठं काढायचा. यामाशिताचा श्रोता घडला तोच मुळी गाणी उतरवून घेत. तेव्हा ती हौस होती, आणि आज हा मुलगा करतो तेव्हा चोरी?

उंबरठा

हा मुद्दा लागला. स्ट्रीमिंगबाबत मी यामाशिताच्या बाजूने लिहायला बसलो होतो आणि निम्मं खोडलं. कॅसेटची जाहिरात मला माहीत होती, तिचा हा अर्थ कधी डोक्यात आला नाही.

तबकडी

अर्थ लावताय तेवढा सरळ नाही. भाड्याच्या दुकानांवर तिथे रान उठलं, १९८४ ला कायदा बदलला आणि १९८५ पासून कलाकाराला भाड्यातून मोबदला मिळू लागला. म्हणजे ती चोरी आहे हे देशाने ओळखलं आणि दुरुस्त केलं. आणि ४६ मिनिटांची कॅसेट उतरवायला ४६ मिनिटं बसावं लागायचं. हाताने नावं लिहायची, बाजू उलटायची. त्यात मेहनत होती.

पहाटवारा

मी एक गाणं शोधायला सहा रात्री घालवल्यात. ती मेहनत नव्हे?

बेसवाला

आता कोरडेठाक यांच्या पहिल्या प्रश्नावर येतो, कारण तो सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला. भाषा कळत नाही, काळ पाहिलेला नाही, तरी का आवडतं?

‘बॉम्बर’ ऐका. १९७८ च्या ‘गो अहेड!’ अल्बममधलं. तोवरच्या तबकड्या खपल्या नव्हत्या. हा अल्बम आपला शेवटचाच ठरेल असं धरून त्याने मनात होतं ते सगळं त्यात घातलं. ‘बॉम्बर’ तर सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं, पुढे ‘लेट्स डान्स बेबी’. आणि १९७९ मध्ये ओसाकाच्या डिस्कोंत तबकडी उलटी करून मागची बाजू वाजायला लागली. कंपनीने सांगितलं नव्हतं, जाहिरात नव्हती, मुखपृष्ठावर निळा तलाव नव्हता. नाचणाऱ्यांच्या पायांना कळलं. स्लॅप बेस सुरू होतो तिथे माझे हात अजून आपोआप चालू होतात, ५३ व्या वर्षी. पाय हलायला जपानी यावं लागत नाही. ओसाकात पाय हलले, सांगलीत या मुलाची पाठ ताठ झाली. एकच गोष्ट आहे.

कोरडेठाक

ओसाकाचं माहीत नव्हतं. काल रात्री ‘बॉम्बर’ चार वेळा ऐकलं. गाणं चांगलं आहे. चांगलं नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं, लिहून ठेवा. चांगली तर हजारो गाणी असतात, त्यातली काहीच वर येतात, आणि वर कोण येणार हे बाहेरच्या गोष्टी ठरवतात, एवढं माझं म्हणणं अजून आहे. मिकी मात्सुबारा या गायिकेचं ‘मायोनाका नो डोअर’ १९७९ चं, जगभर गाजलं २०२० मध्ये. ती २००४ साली ४४ व्या वर्षी गेली. तिला कळलंच नाही. गाण्याच्या गुणावरच सगळं असतं तर तिला १६ वर्षं आधी हे का मिळालं नाही? मला याचा राग येतो, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातही हाच राग होता. तुम्ही सगळ्यांनी तो यामाशितावरचा समजलात.

उंबरठा

हे आधी लिहिलं असतंत तर हा धागा काढला नसता. मात्सुबाराबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ‘वर येणं’ आणि ‘टिकणं’ या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत असंच मी म्हणत राहणार. जुलै २०२३ ला तोक्योचं नाकानो सनप्लाझा बंद झालं, ५० वर्षांचं सभागृह, शेवटचा कार्यक्रम यामाशिताचा. ७० वर्षांचा होता. २०२५ ला फुजी रॉक या खुल्या मैदानातल्या महोत्सवात गायला. समोर पहाटवाऱ्याच्या वयाची मुलं.

नागोयाकर

मी त्याला ऐकलंय. नागोयातच, सोडतीत तिकीट लागलं होतं. ‘लेट्स डान्स बेबी’मध्ये काळजाला बोटांच्या बंदुकीने टिपण्याची एक ओळ आहे. त्या ओळीला सभागृहातले लोक घरून आणलेले कागदी फटाके फोडतात. मला ही पद्धत माहीतच नव्हती. शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई होत्या, अनोळखी. गाणं सुरू झाल्याबरोबर त्यांनी पर्समधून दोन काढले, एक माझ्या हातात दिला, आणि बोटाने ‘थांब, थांब’ असं दाखवत राहिल्या. ओळ आली, त्यांनी मान हलवली, आम्ही दोघींनी दोरी ओढली. दोन हजार लोकांनी एकदम. माझ्या केसांत कागदाच्या पट्ट्या. त्या बाई म्हणाल्या, त्या ३० वर्षं दोन घेऊन येतात, एक शेजाऱ्यासाठी.

पहाटवारा, माझ्याकडे ‘फॉर यू’ आणि ‘मेलोडीज’च्या सीडी दोन-दोन आहेत. जानेवारीत मिरजेला माहेरी येणार आहे. घेऊन येते. विकत घेतलेल्या आहेत, कोणाला काही म्हणायला जागा नाही.

पहाटवारा

ताई, खरंच? लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरला सीडीचा खण आहे, चालतो का ते आज बघतो. जानेवारीत हंगाम भरात असतो, मला सुट्टी नाही, पण मिरजेला दुपारी येऊन जाईन.

तबकडी

खण चालला नाही तर सांग. माझ्याकडे एक जुना सीडी प्लेअर पडून आहे, हेडफोनचा. पाठवतो. मघाचा शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही.

बेसवाला

‘फॉर यू’ मिळाली की पहिल्या वेळी दोन्ही कानांत लाव, मिलकडे दुसऱ्या कोणाला तरी बघू दे. आणि सीडीबरोबरची पुस्तिका उघडून ठेव. नावं जपानीत असतील. ताई, तेवढी देवनागरीत लिहून द्याल का त्याला?

नागोयाकर

देते. प्रत्येक गाण्याखाली.